उजवीकडची ओळ

"ह्याच्यात यल्लव्वा कुठं हाय?"

कमलाक्कांनी फोन नाकाला लागेल इतका जवळ धरला होता. एक पान सरकवलं, दुसरं सरकवलं, मग फोन मांडीवर पालथा ठेवला आणि शेजारी बसलेल्या महानंदाकडं मान वळवून त्यांनी विचारलं.

महानंदानं अजून चहाचा पहिला घोटही घेतला नव्हता. शहराच्या एका टोकाच्या राजाजीनगरहून दुसऱ्या टोकाच्या बेळ्ळंदूरला येता येता तिची सगळी सकाळ बसमध्येच गेली होती. खरं तर ई-पुस्तक कुणी हातानं नेऊन देत नाही. ते ईमेलनं जातं, तिकडं टिंग वाजतं, काम संपतं. पण हे पुस्तक ऑफिसात तयार करत असताना तिनं त्यातली गाणी ओठांतल्या ओठांत वाचली होती, आणि ती म्हणणारी बाई याच शहरात एका चौदाव्या मजल्यावर राहते हे कळल्यावर तिला टिंगवर भागवणं जमेना.

"नाव हाय की त्यांचं, पहिल्याच पानावर," ती म्हणाली. "स्वल्प थांबा, काढून देते."

"आई, हे बघ," कमलाक्कांचा मुलगा पद्माकर लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला. "'कमला आणि यल्लव्वा यांच्या तोंडून ऐकलेली कांडणीची गाणी.' आहे ना?"

"नाव हाय रे. नावाला काय करू? ती कुठं हाय?"

पद्माकरनं महानंदाकडं बघून खांदे उडवले. आईचं हे असंच, असा त्याचा अर्थ होता. महानंदाला मात्र त्या आवाजात म्हातारपणाचा हट्ट ऐकू आला नाही. गर्दीत हात सुटलेलं माणूस बोलतं तसा तो आवाज होता.

"उठ पोरी," कमलाक्का म्हणाल्या. "समोर उभी ऱ्हा."

त्यांनी कोपऱ्यातली आधाराची काठी उभी धरली, महानंदाच्या हातात पद्माकरची छत्री दिली. दोघींच्या मधल्या फरशीकडं बोट केलं. "हे उखळ. ह्यात साळी. माझं मुसळ खाली आलं की तुझं वर. तुझं खाली, माझं वर. समजलं? आता मी म्हणत्ये, मागनं तू तेच म्हण."

त्यांनी काठी आपटली आणि गळा मोकळा केला. सत्तरी केव्हाच ओलांडलेला तो गळा जरा घोगरा होता, पण विहिरीतून येणाऱ्या पोहऱ्यासारखा भरून वर आला.

*साळीचं तूस बाई वाऱ्यानं उडून गेलं*

"म्हण की."

महानंदानं छत्री आपटली. "साळीचं तूस बाई वाऱ्यानं उडून गेलं."

*माझ्या गं मनातलं सखीनं ओळखून नेलं*

"माझ्या गं मनातलं..." महानंदा म्हणाली आणि मध्येच थांबली.

"ही तू म्हटलीस ती ओळ यल्लव्वाची," कमलाक्का सांगत होत्या. "मी टाकायची, ती उचलायची. ती म्हणत असताना मी दम घ्यायची, मी म्हणत असताना ती. न्हाईतर मुसळाला मुसळ लागतंय. आमच्या गावात मास्तर होते, त्यांनी आमच्या पडवीत बसून सगळं जसंच्या तसं उतरून घेतलं. माझी ओळ, तिची ओळ. माझी ओळ, तिची ओळ. त्याचं बारकं पुस्तक छापलं. ह्या फोनातल्यात समदी मीच हाय. एकटीच बडबडाल्ये."

महानंदानं छत्री हळूच भिंतीला टेकवली. यल्लव्वा कुठं गेली ते तिला कळलं होतं. तिनंच तिला पुसलं होतं.

महानंदाचं काम म्हणजे पाखडणं. जुन्या पुस्तकांच्या पानांचे फोटो येत, एक सॉफ्टवेअर त्यांतली अक्षरं ओळखून मजकूर तयार करी, आणि त्या मजकुरात दाण्याबरोबर भरपूर कोंडा येई. गाण्याच्या मधोमध पानाचा आकडा, कुठं तुटलेली ओळ, कुठं शाईच्या डागाचं झालेलं अक्षर. हातानं वेचत बसलं तर महिना जाईल. म्हणून ती पॅटर्न लिही. कंस, चांदण्या, टिंबं मांडून संगणकाला सांगायचं की ओळीत नुसताच आकडा दिसला तर काढ, दोन मोकळ्या जागा दिसल्या तर एक ठेव. मग 'सगळीकडं बदला' हे बटण दाबायचं. पुस्तकभर एक वारा वाहून जाई आणि मागं स्वच्छ दाणा उरे. वीस वर्षांपूर्वी ती छापखान्यात मजकूर जुळवायला लागली तेव्हापासून तिला या घटकेचा जो आनंद होई, तो तिनं कुणाला सांगितला नव्हता. सांगण्यासारखा तो नव्हताच. ऊन आलं म्हणून कुणी सांगत फिरतं का?

या पुस्तकात ओळी दोनदोनदा आलेल्या तिला दिसल्या होत्या. पद्माकरनं आईच्या ट्रंकेतलं ते पुस्तक फोनवर टिपताना प्रत्येक पानाचे दोन फोटो घेतले होते, वरचा भाग आणि खालचा भाग. मधल्या ओळी दोन्ही फोटोंत होत्या. त्यामुळं कुठं एक ओळ तीनदा आली होती, कुठं चारदा. फोटोंचा घोळ म्हणून तिनं पॅटर्न लिहिला: ओळीखाली तीच ओळ असेल तर एकच ठेव. बटण दाबलं. वारा वाहिला. पुस्तक निम्मं झालं, तेव्हा तिला वाटलं होतं, किती नेटकं झालं.

"कमलाक्का, चूक माझी हाय," ती म्हणाली. "फोटोत दोनदा आलंय असं समजून मी काढून टाकलं. सगळ्या पुस्तकातनं."

कमलाक्का रागावतील असं तिला वाटलं. त्या काठीवर दोन्ही हात ठेवून नुसत्या बसल्या.

"रविवारी तिची लेक यायची हाय. रंजिता. यल्लव्वा गेल्या माघात गेली, मला जाता आलं न्हाई. लेकीकडं आईचं लुगडं हाय, फोटो हाय. आवाज न्हाई कुठं. मी फोनवर म्हटलं तिला, ये गं, तुझी आई माझ्याजवळ पुस्तकात हाय, वाचून दाखवत्ये." त्यांनी डोळ्यांसमोर हात हलवला. त्यांच्या नजरेचा मधला भाग धुरकट होत चालला होता. छापलेलं पुस्तक आता दिसत नसे, फोनवर अक्षर भाकरीएवढं केलं तरच दिसे. "आता तिला काय दाखवू?"

"रविवारच्या आत आणून देते," महानंदा म्हणाली. कसं ते तिलाही माहीत नव्हतं.

ऑफिस राजाजीनगरात, एका इडलीवाल्याच्या वर. खालच्या सांबाराचा वास वरच्या प्रत्येक पुस्तकाला लागलेला. मालक हयवदन सर धारवाडकडचे. मराठी बोलत, पण त्यांच्या मराठीच्या पायात कानडी चपला असत.

"पुन्हा कशाला उघडतीस ते? काम आयतु, म्हणजे झालं, असं मी त्या पद्माकरला सांगितलो की," ते म्हणाले. "उद्यापासून लोणच्यांचं पुस्तक घ्यायचंय."

"लोणचं मुरू द्या की सर चार दिवस."

हयवदन सर हसले. हसले की ते हरत, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं.

शेजारच्या टेबलावर मुग्धा होती. पुण्याहून वर्षापूर्वी आलेली, कोरमंगलाच्या पीजीत राहणारी, कानात सदैव काहीतरी घातलेली. तिनं एका कानातलं काढलं. "महानंदाताई, सिंपल आहे. उलटा पॅटर्न रन कर ना. एव्हरी लाइन डुप्लिकेट. दोन सेकंदांचं काम."

महानंदाचा हात खरोखरच कळफलकाकडं गेला. मग तिनं जुना, न पाखडलेला मजकूर उघडला. त्यात काही गाणी अशी होती की ओळ एकदाच आली होती. काही ठिकाणी तीनदा. कुठली फोटोची आणि कुठली माणसाची, हे संगणकाला कसं सांगणार? त्याला सारख्या दोन ओळी सारख्याच दिसतात. जुन्या पुस्तकाची पानं तर फोटो काढतानाच मोडून भुगा झाली होती, आणि फोटोंवरून एकेक ओळ ताडत बसायला रविवार पुरला नसता.

"विचारायलाच पाहिजे," ती म्हणाली.

"कुणाला?"

"म्हणणारीला."

"बेळ्ळंदूरला?" आतल्या खोलीतून हयवदन सर ओरडले. "अग बाई, तिथनं परत येईपर्यंत पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघतीय."

दुसऱ्या दिवशी दुपारी महानंदा मांडीवर लॅपटॉप घेऊन कमलाक्कांच्या समोर बसली. पहिल्या गाण्यापासून सुरुवात. कमलाक्कांनी डोळे मिटून, काठी आपटत म्हणायचं, आणि जिथं त्या थांबतील तिथं महानंदानं खूण करायची. थांबल्या म्हणजे तिथं यल्लव्वा.

चार गाणी झाली आणि इंटरकॉम वाजला. पद्माकर बोलून आला.

"आई, खालचे लोक घरून काम करतात. विचारतायत वर सुतारकाम चाललंय का."

"त्यांना सांग, साळी कांडाल्ये. झाली की धाडत्ये वाटीभर."

पद्माकरनं ते सांगितलं नसावं. त्यानं कपाटातून जाड गोधडी काढली, चौपदरी घडी करून फरशीवर ठेवली. काठी आता गोधडीवर पडू लागली. तिचा आवाज मऊ झाला, थेट उखळातल्या साळीसारखा. कमलाक्कांचे डोळे मिटलेलेच होते, पण चेहरा उजळला. "आता बरोबर वाजालंय," त्या म्हणाल्या.

ओळीमागून ओळ येत गेली. भाऊबिजेची, धाकट्या दिराची, खानापूरच्या बाजारात हरवलेल्या जोडव्याची. काही गाण्यांत कमलाक्का थांबतच नसत. "ही सुपाची," त्या सांगत. "सुपाला एकटीचाच हात लागतो. ह्यात ती न्हवती. ती तवा खाली बसून माझ्या सुपातले दाणे खायची." मग महानंदा त्या गाण्यावर वेगळी खूण करी.

एका गाण्यापाशी तिलाच हसू आलं. तिथं तिच्या पॅटर्ननं काही काढलंच नव्हतं, कारण दोन ओळी सारख्या नव्हत्या.

*भातात खडा आला, सासू माझी रुसून बसं*
*भातात दात आला, सासू माझी रुसून बसं*

"कमलाक्का, हे काय हो? एकदा खडा, एकदा दात."

कमलाक्कांनी काठी खाली ठेवली. हसू लागल्या तशा हसतच राहिल्या, पदर तोंडाला लावून. "माझी सासू पडवीतच बसलेली असायची गं. समोरचे दोन दात पडलेले. मी आपलं सरळ म्हटलं, खडा. तर ही अवदसा मागनं म्हणती कशी, दात. मास्तरांनी तेबी उतरून घेतलं. सासूनं दोन दिवस आम्हां दोघींशी अबोला धरला, आणि आम्हांला तेवढंच बरं झालं."

आतल्या खोलीत पद्माकरच्या मीटिंगमधला आवाज एकदम बंद झाला. तोही हसत होता.

महानंदा त्या ओळीकडं बघत राहिली. निम्म्या पुस्तकातून ती बाई पुसली गेली होती, पण जिथं खोडी काढली होती तिथं तेवढी टिकून राहिली होती. पॅटर्नच्या चाळणीत न मावणारी. यल्लव्वाला न बघताच ती तिला आवडायला लागली.

"तू म्हण की मागनं," कमलाक्का म्हणाल्या. "नुसती खुणा काय करतीस? मला दम लागतो."

मग महानंदा एक हात कळफलकावर ठेवून म्हणू लागली. आधी चाचरत.

"उशीर करालीस. माझं मुसळ वर चाललं की ओळ उचलायची. पडल्यावर न्हाई."

पुन्हा. पुन्हा. चौदा मजल्यांखाली रिंग रोडवर गाड्या तटून उभ्या होत्या, भोंगे वाजत होते, आणि वर दोन बायका नसलेल्या साळी कांडत होत्या. कधीतरी महानंदाचा सूर नेमका बसला. कमलाक्कांची ओळ संपता संपता तिची सुरू झाली, मध्ये केसाएवढीही फट राहिली नाही. कमलाक्कांच्या काठीचा ठेका थोडा जलद झाला. शाबासकी अशीही असते, हे महानंदाला माहीत होतं. छापखान्यातले जुने फोरमन असेच होते.

परतीच्या बसमध्ये तिला खिडकीशी जागा मिळाली. सिल्क बोर्डाच्या चौकातल्या गर्दीत बस थांबत होती, सरकत होती. तिचं बोट गुडघ्यावर आपोआप ठेका धरत होतं. बाजूच्या बाईनं कानडीत विचारलं, "हाडा?" म्हणजे गाणं का? महानंदा लाजली आणि म्हणाली, "हौदु." हो.

ओळी परत आल्या. पण तेवढ्यानं तिचं समाधान होईना. एकाखाली एक दोन सारख्या ओळी, कुणीही बघितलं तर म्हणेल चुकून दोनदा पडलीय. तिनं स्वतः नव्हतं का म्हटलं? दुसरी ओळ दुसऱ्या बाईची आहे, हे डोळ्याला दिसायला हवं होतं.

तिनं यल्लव्वाच्या ओळींना डावीकडून मोठा समास दिला. स्वतःच्या पडद्यावर ते देखणं दिसलं. मग तिनं फोनवर अक्षर कमलाक्कांना लागतं तेवढं मोठं केलं आणि कपाळाला हात लावला. समासानंच अर्धा पडदा खाल्ला होता. उरलेल्या चिंचोळ्या जागेत शब्द एकाखाली एक, जिना उतरल्यासारखे.

"रंग दे," हयवदन सर मागून डोकावत म्हणाले. लोणच्यांचं पुस्तक विसरून ते आता इथंच घुटमळत होते.

"त्यांना रंग कळत न्हाईत सर, नजर धुरकट झालीय."

"तिरपं अक्षर?"

"देवनागरी तिरपी केली की दारू प्यालेली दिसते," मुग्धा म्हणाली. तिनं खुर्ची सरकवत आणली. "ताई, समास काढ. स्पेस कशाला सोडतेस? ओळच पलीकडं टेकव ना. टेक्स्ट अलाइन राइट. मग फॉन्ट कितीही मोठा होऊ दे, एकीची ओळ डाव्या कडेला, दुसरीची उजव्या. समोरासमोर."

महानंदानं तसं केलं. अक्षर मोठं केलं, आणखी मोठं केलं. पहिली ओळ डाव्या कडेला धरून उभी, दुसरी उजव्या. मध्ये मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेत काय असेल ते बघणाऱ्यानं ओळखावं.

"उखळ," ती पुटपुटली.

"काय?"

"काही न्हाई. सरी, बरोबर झालं. फार छान सुचवलीस गं."

"आता क्लासला नाव दे," मुग्धा म्हणाली. उजवीकडच्या प्रत्येक ओळीला कोडमध्ये एकच नाव द्यावं लागतं, म्हणजे सगळ्यांची ठेवण एका जागेवरून ठरवता येते. "राइट लाइन? रिप्लाय?"

महानंदानं इंग्रजी अक्षरांत टाइप केलं, यल्लव्वा.

मुग्धा काही बोलणार होती. ती पद्धत नव्हती, कोडमध्ये माणसांची नावं कुणी घालत नाही. पण तिनं कानातलं परत कानात घातलं आणि खुर्ची मागं नेली. महानंदा पॅटर्न लिहायला लागली, आधीच्यापेक्षा जपून. खूण असलेली प्रत्येक ओळ शोध आणि तिला हे नाव दे. बटण दाबण्याआधी तिनं या वेळी एकेक ओळ डोळ्यांखालून घातली. मग दाबलं. वारा वाहिला, पण या वेळी तो काही घेऊन गेला नाही, ठेवून गेला. पानापानावर, ओळीओळीआड, पडद्यामागं ते नाव उमटत गेलं. वाचणाऱ्याला ते कधीच दिसणार नव्हतं.

रविवारी महानंदानं जपून ठेवलेली हिरवी साडी नेसली. आपल्याला बोलावणं नाही, फक्त फाइल द्यायला चाललोय, असं स्वतःला बजावत ती बेळ्ळंदूरला पोचली. दारातच तांदळाचा वास आला. रंजितानं खानापूरहून नव्या तांदळाची पिशवी आणली होती. ती चाळिशीची, अंगणवाडीत काम करणारी, नाकेली, मोठ्या डोळ्यांची बाई होती. लिफ्टमध्ये पोटात गोळा आला म्हणून ती पद्माकरला कौतुकानं सांगत होती.

"हिनं तुझ्या आईला हुडकून आणली," कमलाक्कांनी महानंदाची ओळख करून दिली.

"हिनंच हरवली होती," महानंदा म्हणाली.

"हरवल्याबिगर हुडकायला कसं मिळंल?" कमलाक्कांनी फोन पुढं केला. "चढव."

पुस्तक चढलं. कमलाक्कांनी फोन नाकापाशी नेला. डावीकडची ओळ वाचली. मग चेहरा सावकाश फोनच्या दुसऱ्या कडेकडं सरकवला. तिथं त्या थांबल्या. पद्माकर लॅपटॉप मिटून उभा राहिला.

"समोर उभी केलीस की गं," त्या म्हणाल्या.

रंजिता त्यांच्या खांद्यावरून डोकावत होती. "मावशी, ह्यातली आईची कुठली?"

"पलीकडची. उजवीकडची समदी तिची."

रंजितानं बोट लांब केलं, पण काचेला लावलं नाही. ओठ हलवत तिनं एक उजवीकडची ओळ वाचली, मग पुढच्या पानावरची, मग त्याच्या पुढची. 'दात'पाशी आली आणि फसकन हसली. "ही तर आईच. ही आईच."

"बस खाली. गाऊन दाखवत्ये."

सगळे बसले. रंजिता जमिनीवर, महानंदा तिच्या शेजारी, पद्माकर दाराला टेकून. गोधडीची घडी अजून तिथंच होती. कमलाक्कांनी तिच्यावर काठी टेकवली आणि पुस्तकातलं शेवटचं गाणं काढलं.

*दोन मुसळं, एक उखळ, ताल कसा चुकंना*

काठी गोधडीवर पडली. पडद्यावर उजव्या कडेला तीच ओळ वाट बघत होती. रंजितानं ती वाचायला तोंड उघडलं. महानंदाचाही श्वास आपसूक भरला होता, आता तिला उचलायची जागा ठाऊक होती.

कमलाक्कांनी डोळे न उघडता तळहात वर केला.

"थांबा. पाळी तिची हाय."

काठी हवेत होती. एक ओळ म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ कमलाक्का मान किंचित कलती करून ऐकत राहिल्या. ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, कुणीतरी मुद्दाम एखादा शब्द बदलला असावा तसं. मग त्यांनी दम घेतला, काठी खाली आणली, आणि पुढची ओळ म्हटली.

*तू गं माझी जोडीदारीण, हात तुझा थकंना*